जे टिकले तेच पहिले ठरले : ‘आय लव्ह लूसी’ या अमेरिकी मालिकेचा इतिहास (थ्रेड)

१/
१९ जानेवारी १९५३, सोमवारची रात्र. अमेरिकेतील सुमारे ४ कोटी ४० लाख माणसे दूरचित्रवाणी संचासमोर बसून एका काल्पनिक बाळाच्या जन्माची वाट पाहत होती. दुसऱ्याच दिवशी ड्वाइट आयझेनहॉवर यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. तो सोहळा दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्यांची संख्या सुमारे २ कोटी ९० लाख भरली. दुसऱ्या महायुद्धातील विजयी सेनापती एका विनोदी मालिकेतल्या तान्ह्या मुलाच्या मागे पडला!

२/
ती मालिका म्हणजे ‘आय लव्ह लूसी’. सीबीएस या वाहिनीवर १५ ऑक्टोबर १९५१ ते ६ मे १९५७ या काळात तिचे सहा हंगाम आणि अर्ध्या तासाचे १८० भाग प्रक्षेपित झाले. सहापैकी चार हंगामांत ती देशात पहिल्या क्रमांकावर होती. पण लोकप्रियता हे या मालिकेचे खरे वैशिष्ट्य नव्हे. त्या काळातील कित्येक लोकप्रिय कार्यक्रमांचा आज मागमूसही उरलेला नाही. ही मालिका मात्र पंच्याहत्तर वर्षांनंतरही पाहता येते. असे का झाले, हा या थ्रेडचा विषय आहे.

३/
आधी तेव्हाची परिस्थिती पाहू. १९५० मध्ये अमेरिकेतील दर १०० घरांपैकी जेमतेम ९ घरांत दूरचित्रवाणी संच होता. बहुतेक कार्यक्रम न्यूयॉर्कमधून थेट प्रक्षेपित होत. नाटकाच्या प्रयोगासारखाच प्रकार होता : नट चुकला तर चूक साऱ्या देशाला दिसे, आणि प्रयोग संपला की संपला. व्हिडिओ टेपचे व्यावहारिक यंत्र बाजारात यायला १९५६ साल उजाडावे लागले.

४/
पूर्व किनारा आणि पश्चिम किनारा यांना जोडणारी दूरचित्रवाणीची वाहिनी सप्टेंबर १९५१ पर्यंत अस्तित्वातच नव्हती. न्यूयॉर्कचा कार्यक्रम लॉस एंजेलिसला दाखवण्यासाठी ‘किनेस्कोप’ ही पद्धत वापरत. चालू पडद्यासमोर चित्रपटाचा कॅमेरा ठेवायचा, त्या पडद्याचेच चित्रण करायचे आणि ती फीत दुसऱ्या टोकाच्या केंद्राकडे पाठवायची. चित्र अंधूक, धूसर दिसे. काम झाल्यावर अशा फिती जपून ठेवण्याचे कारण कोणालाच वाटत नसे.

५/
याचा परिणाम काय झाला? अमेरिकी दूरचित्रवाणीच्या जाळ्यावरील पहिली सिटकॉम म्हणून ‘मेरी के अँड जॉनी’ या मालिकेचे नाव घेतले जाते. ड्यूमाँट वाहिनीवर ती १८ नोव्हेंबर १९४७ रोजी सुरू झाली. त्यातले नवरा-बायको प्रत्यक्षातही नवरा-बायको होते. १९४८ मध्ये नायिकेला दिवस गेले, तेव्हा तिचे गरोदरपणही कथेत आणले गेले. आज या मालिकेचे जवळजवळ काहीच शिल्लक नाही. हे नाव लक्षात ठेवावे. शेवटी त्याकडे परत यायचे आहे.

६/
आता लूसीकडे वळू. ल्यूसिल बॉल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९११ रोजी न्यूयॉर्क राज्यातील जेम्सटाउन येथे झाला. तीन वर्षांच्या असताना वडील विषमज्वराने गेले. पुढे आजोबांच्या आधाराने घर चालले. कोवळ्या वयात न्यूयॉर्कच्या नाट्यशाळेत दाखल झालेल्या या मुलीला तिथून परत पाठवण्यात आले. मॉडेलचे काम, मग १९३३ पासून हॉलिवूडमध्ये किरकोळ भूमिका, मग आरकेओ या चित्रसंस्थेच्या दुय्यम दर्जाच्या चित्रपटांत प्रमुख भूमिका. वयाची चाळिशी जवळ आली तरी पहिल्या फळीतील तारका होण्याचा योग काही आला नव्हता.

७/
देसी अर्नाझ यांचा जन्म २ मार्च १९१७ रोजी क्युबातील सांतियागो येथे झाला. वडील त्या शहराचे महापौर होते. १९३३ च्या क्रांतीत माचादो यांची राजवट कोसळली, वडील तुरुंगात गेले, मालमत्ता जप्त झाली. कुटुंब मायामीला आले. महापौरांच्या या मुलाने तिथे कॅनरी पक्ष्यांचे पिंजरे साफ करण्याचे काम केले. मग गिटार, ढोल आणि कोंगा नृत्य यांच्या जोरावर तो स्वतःचा वाद्यवृंद उभा करण्यापर्यंत पोहोचला.

८/
१९४० मध्ये आरकेओच्या ‘टू मेनी गर्ल्स’ या चित्रपटाच्या वेळी दोघांची भेट झाली आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला विवाह. मात्र संसार असा नव्हताच. देसी वाद्यवृंद घेऊन गावोगावी, ल्यूसिल हॉलिवूडमध्ये. मध्ये महायुद्ध आणि देसींची लष्करी सेवा. १९४४ मध्ये ल्यूसिल यांनी घटस्फोटाचा अर्ज केला आणि पुन्हा समेट झाला. एकाच ठिकाणी राहून, एकत्र काम करता आले तर लग्न टिकेल, असे दोघांना वाटू लागले. दूरचित्रवाणीच्या इतिहासाला वळण देणारा निर्णय या घरगुती गरजेतून आला.

९/
१९४८ पासून ल्यूसिल बॉल सीबीएस रेडिओवर ‘माय फेव्हरिट हजबंड’ या श्रुतिकेत काम करत होत्या. जेस ऑपेनहायमर, मॅडलिन प्यू आणि बॉब कॅरोल ज्युनियर हे तिचे लेखक. सीबीएसला ही कल्पना दूरचित्रवाणीवर आणायची होती. ल्यूसिल यांची अट एकच : पडद्यावरचा नवरा देसीच असेल. वाहिनीचे अधिकारी बिचकले. स्पॅनिश वळणाचे इंग्रजी बोलणारा क्युबन माणूस एका अमेरिकी स्त्रीचा नवरा म्हणून प्रेक्षकांना पटणार नाही, असे त्यांचे मत होते. प्रत्यक्षात तो तिचा नवराच होता!

१०/
या शंकेला दोघांनी युक्तिवादाने उत्तर दिले नाही. १९५० मध्ये त्यांनी ‘देसीलू’ ही स्वतःची निर्मितीसंस्था काढली, एक विनोदी कार्यक्रम बसवला आणि गावोगावच्या रंगमंचांवर प्रयोग केले. प्रेक्षकांनी जोडी उचलून धरली. २ मार्च १९५१ रोजी, देसींच्या वाढदिवशी, नमुना भाग तयार झाला. ल्यूसिल तेव्हा गरोदर होत्या. सैल कपड्यांनी ते झाकले गेले. त्यांची मुलगी लूसी त्याच जुलैमध्ये जन्मली.

११/
फिलिप मॉरिस ही सिगारेट कंपनी प्रायोजक म्हणून पुढे आली आणि इथेच पेच पडला. कंपनीचे ग्राहक आणि दूरचित्रवाणीचे प्रेक्षक दोन्ही प्रामुख्याने पूर्वेकडे होते. त्यांना धूसर किनेस्कोप दाखवणे कंपनीला परवडणारे नव्हते. म्हणून मालिका न्यूयॉर्कमधून थेट व्हावी, असा आग्रह धरला गेला. ल्यूसिल आणि देसी यांना मात्र कॅलिफोर्निया सोडायचे नव्हते. तिथे त्यांचे घर होते, आणि पुन्हा दुरावा येण्याची दोघांनाही धास्ती होती.

१२/
देसीलूने तोडगा काढला. मालिका हॉलिवूडमध्येच करायची, पण चित्रपटासारखी ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित करायची. मग न्यूयॉर्क असो वा लॉस एंजेलिस, चित्र सारखेच स्वच्छ दिसेल. खर्च अर्थातच वाढणार होता. तो भरून काढण्यासाठी दोघांनी आठवड्याच्या मानधनात १,००० डॉलरची कपात मान्य केली. त्या बदल्यात मागितले ते एवढेच : प्रक्षेपणानंतर भागांची मालकी देसीलूची राहील.

१३/
सीबीएसने ते मान्य केले. एकदा दाखवून झालेल्या कार्यक्रमाची किंमत काय, हा प्रश्न तेव्हा कोणी फारसा विचारत नव्हते. कालचे वर्तमानपत्र रद्दीत जाते, तसाच हा व्यवहार. वाहिनीच्या दृष्टीने तिने काहीच गमावले नव्हते. दूरचित्रवाणीच्या अर्थकारणातील हा बहुधा सर्वांत महागात पडलेला होकार ठरला. कसा, ते पुढे येईल.

१४/
इथे एका प्रचलित समजाची दुरुस्ती आवश्यक आहे. ‘एकापेक्षा अधिक कॅमेऱ्यांनी चित्रीकरणाचा शोध देसी अर्नाझ यांनी लावला’ असे अनेकदा लिहिले जाते. ते खरे नाही. जेरी फेअरबँक्स यांनी दूरचित्रवाणीसाठी अनेक कॅमेऱ्यांचे प्रयोग आधी केले होते. ‘ट्रुथ ऑर कॉन्सिक्वेन्सेस’ या कार्यक्रमातही ही पद्धत वापरली गेली होती, आणि तिथला अनुभव असलेले अल सायमन पुढे देसीलूत आले. देसीलूने तीन कॅमेरे, ३५ मिलिमीटर फिल्म, सलग चालणारी कथा आणि समोर बसलेला प्रेक्षक या साऱ्यांची घडी बसवली. ही घडी पुढे उद्योगाची रीत झाली.

१५/
ही घडी बसवणे सोपे नव्हते. चित्रपटात प्रत्येक दृश्यासाठी प्रकाशयोजना बदलतात. जवळून घेतलेल्या चित्राला एक, दुरून घेतलेल्या चित्राला दुसरी. तिन्ही कॅमेरे एकाच वेळी चालू असतील तर तसे करता येत नाही. यासाठी कार्ल फ्रॉइंड यांना बोलावण्यात आले. जर्मनीत ‘मेट्रोपोलिस’ (१९२७), अमेरिकेत ‘ड्रॅक्युला’ (१९३१) या चित्रपटांचे छायालेखन त्यांचे. ‘द गुड अर्थ’साठी ऑस्करही त्यांना मिळालेले. एवढा मोठा कलावंत एका घरगुती विनोदी मालिकेकडे वळला, तो एक अवघड तांत्रिक कोडे सोडवण्यासाठी.

१६/
फ्रॉइंड यांनी दिवे जमिनीवरून हलवून वर टांगले आणि सगळ्या मंचावर एकसारखा प्रकाश पाडला. काळ्या-पांढऱ्या चित्रात छटा नीट उतराव्यात म्हणून नेपथ्य करड्या रंगांच्या वेगवेगळ्या छटांत रंगवून घेतले. जमीन मोकळी झाल्याने कॅमेरे फिरू शकले आणि नटांना मंचावर हवे तसे वावरता आले. संकलनासाठी तिन्ही कॅमेऱ्यांची चित्रे एकत्र दाखवणारे खास यंत्र वापरात आले. त्याला गमतीने ‘तीन डोक्यांचा राक्षस’ म्हणत.

१७/
हॉलिवूडमधील जनरल सर्व्हिस स्टुडिओच्या एका मंचावर सुमारे ३०० प्रेक्षकांसाठी बैठका उभारण्यात आल्या. पहिल्या हंगामाचे दिग्दर्शक मार्क डॅनियल्स होते. नाटकासारखी तालीम होई आणि मग भाग आरंभापासून शेवटापर्यंत क्रमाने, शक्यतो न थांबता चित्रित केला जाई. ऐकू येणारे हसू त्या प्रेक्षकांचे होते. ल्यूसिल यांच्या आई जवळजवळ प्रत्येक चित्रीकरणाला येत. लूसी संकटात सापडणार अशी चिन्हे दिसली की प्रेक्षकांतून येणारा ‘अं-ओह!’ हा उद्गार त्यांचाच. आजही तो ऐकू येतो.

१८/
मालिकेचा साचा साधा होता. न्यूयॉर्कमधील एका इमारतीत नाइट क्लबचा गायक रिकी रिकार्डो आणि त्याची पत्नी लूसी राहतात. घरमालक फ्रेड आणि एथेल मर्ट्झ हे शेजारी. फ्रेडच्या भूमिकेत विल्यम फ्रॉली, एथेलच्या भूमिकेत व्हिव्हियन व्हान्स. व्हान्स या फ्रॉलींपेक्षा २२ वर्षांनी लहान होत्या आणि इतक्या वयस्कर माणसाची बायको म्हणून आपल्याला दाखवतात, याचा त्यांना राग होता. पडद्यावरची खडाजंगी पुष्कळदा पडद्यामागूनच येत असे.

१९/
लूसीला काहीही करून रंगमंचावर यायचे असते. रिकीला ती घरात हवी असते. बहुतेक कथा या ओढाताणीतून निघतात. सप्टेंबर १९५२ मधील ‘जॉब स्विचिंग’ हा भाग प्रसिद्ध आहे. पैसे मिळवणे सोपे की घर चालवणे, यावर पैज लागते. स्त्रिया चॉकलेटच्या कारखान्यात जातात, पुरुष स्वयंपाकघरात. सरकत्या पट्ट्यावरून चॉकलेटे भराभर येऊ लागतात. त्यांना कागद गुंडाळणे जमेना, तेव्हा लूसी आणि एथेल ती तोंडात, टोपीत, कपड्यांत कोंबू लागतात. याच भागात लूसीशेजारी बसून चॉकलेट घोळवणारी स्त्री नटी नव्हती; तो तिचा रोजचा व्यवसाय होता.

२०/
पाहताना हे सारे आयत्या वेळी सुचल्यासारखे वाटते, पण संहितेत प्रत्येक हालचाल लिहिलेली असे. लेखिका मॅडलिन प्यू अवघड कसरती आधी स्वतः करून पाहत आणि जमेल अशी खात्री झाल्यावरच त्या ल्यूसिल यांना देत. देसींच्या उच्चारांबाबतही एक अलिखित नियम होता. रिकीच्या इंग्रजीची थट्टा फक्त लूसीने करायची. दुसऱ्या पात्राने केली की प्रेक्षक हसत नाहीत, असे निर्मात्यांच्या ध्यानात आले होते. बायकोने केलेली थट्टा घरातली ठरते. परक्याने केलेली थट्टा अपमान होतो.

२१/
१९५२ मध्ये ल्यूसिल पुन्हा गरोदर राहिल्या. मालिका थांबवायची की गरोदरपण लपवायचे? देसी आणि ऑपेनहायमर यांनी तिसरा मार्ग सुचवला : लूसी रिकार्डोलाही दिवस जाऊ द्यावेत. वाहिनी आणि प्रायोजक धास्तावले. शेवटी परवानगी मिळाली, पण ‘प्रेग्नंट’ हा शब्द संवादांत वर्ज्य ठरला. एका भागाच्या नावात त्याऐवजी फ्रेंच शब्द योजला गेला. एक कॅथलिक धर्मगुरू, एक प्रोटेस्टंट पाद्री आणि एक ज्यू रब्बी संहिता नजरेखालून घालत. आक्षेपार्ह असे त्यांना काही सापडले नाही.

२२/
१९ जानेवारी १९५३ च्या सकाळी ल्यूसिल यांनी नियोजित शस्त्रक्रियेने मुलाला जन्म दिला आणि त्याच रात्री आधी चित्रित झालेला ‘लूसी गोज टू द हॉस्पिटल’ हा भाग दाखवला गेला. एप्रिलमध्ये ‘टीव्ही गाइड’ या साप्ताहिकाचा पहिला राष्ट्रीय अंक निघाला. त्याच्या मुखपृष्ठावर हेच बाळ होते. १९५२-५३ च्या हंगामात मालिकेची सरासरी ६७.३ होती. म्हणजे दूरचित्रवाणी असलेल्या घरांपैकी दोन-तृतीयांश घरे दर सोमवारी तीच पाहत होती. हा विक्रम आजवर मोडलेला नाही.

२३/
या गरोदरपणातून आणखी एक गोष्ट निघाली. ल्यूसिल यांना विश्रांती हवी होती, पण सोमवारची वेळ रिकामी ठेवता येत नव्हती. तेव्हा पहिल्या हंगामातील काही भाग, नव्याने चित्रित केलेली छोटी प्रस्तावना जोडून, पुन्हा दाखवण्यात आले. जुना भाग लोक पुन्हा पाहतील का, अशी शंका होती. लोकांनी ते आवडीने पाहिले. अनेकांच्या घरी पहिल्या वेळी दूरचित्रवाणी संच नव्हताच. त्यांच्यासाठी जुना भागही नवाच होता. फिल्मच्या डब्यांत पडलेल्या मालाला बाजारभाव आहे, हे या निमित्ताने कळले.

२४/
त्याच वर्षी मालिका कोसळण्याच्या बेतात आली होती. ते कम्युनिस्टविरोधी मोहिमेचे दिवस होते. नुसत्या संशयावरून कलावंतांची कामे सुटत होती. १९३६ मध्ये ल्यूसिल यांनी कम्युनिस्ट पक्षाची मतदार म्हणून नाव नोंदवले होते. समाजवादी विचारांच्या आजोबांचे मन राखण्यासाठी ते केले, अशी साक्ष त्यांनी ४ सप्टेंबर १९५३ रोजी प्रतिनिधिगृहाच्या समितीच्या तपासनिसासमोर दिली. दोन दिवसांनी वॉल्टर विंचेल या पत्रकाराने रेडिओवरून, नाव न घेता, बातमी फोडली.

२५/
११ सप्टेंबरला ती बातमी वृत्तपत्रांत ठळकपणे झळकली आणि त्याच संध्याकाळी चित्रीकरण होते. देसी प्रेक्षकांसमोर आले. क्युबातून आपल्याला का पळावे लागले हे सांगून त्यांनी आरोप फेटाळला आणि शेवटी म्हणाले की लूसीचे केस तेवढे लाल आहेत, आणि तेही खरे नव्हेत. प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. समितीच्या सदस्यानेही आक्षेप नसल्याचे जाहीर केले. ल्यूसिल वाचल्या. मात्र त्याच काळात तितके प्रेक्षक आणि तितका मोठा प्रायोजक पाठीशी नसलेले अनेक जण वाचले नाहीत, हेही नोंदवले पाहिजे.

२६/
मालकीहक्काचे फळ १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात दिसले. देसीलूने मालिकेचे हक्क सीबीएसला विकले. किंमत ५० लाख डॉलरच्या आसपास. जी वस्तू सीबीएसने १९५१ मध्ये सहज सोडून दिली होती, तीच आता तिला विकत घ्यावी लागली. १९५७ मध्ये देसीलूने ६० लाख डॉलरहून अधिक रक्कम मोजून आरकेओचे स्टुडिओ खरेदी केले. जिथे दोघांची भेट झाली, जिथे ल्यूसिल यांना दुय्यम तारका म्हणून वागवले गेले, ती जागा त्यांच्या मालकीची झाली.

२७/
ज्या संसारासाठी हा सारा खटाटोप केला, तो मात्र टिकला नाही. १९५७ नंतर याच पात्रांचे एक-एक तासाचे १३ भाग झाले. शेवटच्या भागाचे चित्रीकरण २ मार्च १९६० रोजी संपले. दुसऱ्या दिवशी ल्यूसिल यांनी घटस्फोटाचा अर्ज दाखल केला. व्यवसायाचा ताण, देसींचे मद्यपान आणि बाहेरची प्रकरणे यांनी लग्न पोखरले होते. एकत्र राहता यावे म्हणून उभारलेल्या संस्थेचे काम त्यांच्या एकत्र राहण्याच्या आड आले.

२८/
१९६२ मध्ये ल्यूसिल यांनी देसींचा वाटा विकत घेतला आणि त्या देसीलूच्या अध्यक्ष झाल्या. एवढ्या मोठ्या दूरचित्रवाणी निर्मितीसंस्थेच्या प्रमुखपदी बसलेल्या त्या पहिल्या महिला. त्यांच्या कारकिर्दीत, १९६६ मध्ये, ‘स्टार ट्रेक’ आणि ‘मिशन : इम्पॉसिबल’ या मालिका सुरू झाल्या. खर्चाच्या भीतीने संस्थेतील काहींचा त्यांना विरोध होता. ल्यूसिल यांनी होकार दिला. लूसीच्या पहिल्या हंगामाचे दिग्दर्शक मार्क डॅनियल्स यांनी पुढे ‘स्टार ट्रेक’चेही अनेक भाग दिग्दर्शित केले. १९६७ मध्ये देसीलू विकली गेली आणि पुढे पॅरामाउंटमध्ये विलीन झाली.

२९/
आजच्या दृष्टीने मालिकेत खटकणाऱ्या गोष्टी आहेत. रिकी लूसीला हातखर्च मोजून देतो. काही भागांत तो तिला लहान मुलासारखा मांडीवर पालथी घालून चापट्या मारतो आणि प्रेक्षक हसतात. महायुद्धात कारखान्यांत गेलेल्या स्त्रियांनी घरी परतावे, हा त्या दशकाचा उपदेश मालिकेत पदोपदी दिसतो. लूसी दर आठवड्याला घराबाहेर पडायचा प्रयत्न करते आणि भागाच्या शेवटी घरीच परतते.

३०/
पण पुढल्या आठवड्यात ती पुन्हा प्रयत्न करते, हेही तितकेच खरे. ‘तुला रंगमंचावर जागा नाही’ असे जिला १८० भागांत सांगितले गेले, ती भूमिका करणारी स्त्री त्या संस्थेची उपाध्यक्ष होती. तिचे संवाद लिहिणाऱ्यांत एक स्त्री होती. आणि पडद्यावर सर्वांत कुशल कलावंत तीच दिसत होती. मालिका काय बोलते आणि काय दाखवते यांत अंतर आहे. त्या दशकातील अनेक घरांतही ते होतेच.

३१/
१९५९ ते १९६७ या काळात सीबीएसने दिवसाच्या वेळात जुने भाग दाखवले. पुढे स्थानिक केंद्रांनी ते दाखवत ठेवले. पुनःप्रक्षेपणाने मालिकेची आठवणही घडवली. साटिनच्या कापडावरचे हृदय आणि त्यात लिहिलेले नाव, ही सर्वांच्या ओळखीची सुरुवात मुळात नव्हतीच. पहिल्या प्रक्षेपणात व्यंगचित्रातली लूसी आणि रिकी सिगारेटच्या पाकिटाशी खेळत. प्रायोजक गेला, पाकीट काढावे लागले आणि हृदय आले. लोकांच्या आठवणीत आहे ती दुसऱ्यांदा दाखवलेली मालिका.

३२/
एक भाग मात्र हरवला होता : मार्च १९५१ चा नमुना भाग. तो फिल्मवर नव्हे, किनेस्कोपवर होता. त्यात काम केलेले विदूषक पेपितो पेरेझ यांना देसींनी आभार म्हणून एक प्रत दिली होती. जवळजवळ चाळीस वर्षांनी ती त्यांच्या पत्नीजवळ सापडली आणि १९९० मध्ये सीबीएसने दाखवली. तेव्हा देसी (निधन १९८६) आणि ल्यूसिल (निधन १९८९) दोघेही हयात नव्हते. मालिका न्यूयॉर्कमधून थेट झाली असती तर साऱ्याच भागांची गत अशी झाली असती, आणि प्रत्येक भागाला पेपितो मिळाला नसता.

३३/
आता ‘मेरी के अँड जॉनी’कडे परत येऊ. पहिली सिटकॉम ती. गरोदरपण पडद्यावर आणले तिने, लूसीच्या चार वर्षे आधी. पण तिच्या फिती राहिल्या नाहीत. तिला दाखवणारी ड्यूमाँट वाहिनी १९५६ मध्ये बंद पडली. १९७० च्या दशकात त्या वाहिनीचा संग्रह न्यूयॉर्कच्या पाण्यात बुडवण्यात आला, अशी साक्ष अभिनेत्री एडी ॲडम्स यांनी १९९६ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेससमोर दिली. म्हणून ‘पहिले गरोदरपण’ म्हटले की आजही सर्वत्र लूसीचेच नाव घेतले जाते.

३४/
इतिहासाच्या अभ्यासकाने इथे थांबून विचार करावा. ‘पहिले कोण?’ या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा ‘ज्याचा पुरावा टिकला ते’ असेच असते. ताम्रपट टिकतो, तालपत्र कुजते. म्हणून ताम्रपट देणाऱ्या राजाचा काळ आपल्याला अधिक ठळक दिसतो. ३५ मिलिमीटरची फिल्म हा त्या दशकाचा ताम्रपट होता. लूसीचे श्रेष्ठत्व त्यामुळे कमी होत नाही. ते ज्यांच्याशी ताडून पाहायचे, ते स्पर्धक मात्र आपल्यासमोर नाहीत, एवढे भान हवे.

३५/
तीन कॅमेरे, वरून पडणारा प्रकाश, समोर बसलेला प्रेक्षक, दोन घरे आणि चार माणसे : ‘फ्रेंड्स’सारख्या मालिका पाहत वाढलेल्या पिढीला हा साचा नैसर्गिक वाटतो. त्याची घडी १९५१ मध्ये बसली, आणि त्यामागे नवऱ्याने रात्री घरी यावे एवढीच एका स्त्रीची इच्छा होती. लग्न वीस वर्षांनी संपले. त्या घरात राहता यावे म्हणून वापरलेली फिल्म मात्र आजही फिरते आहे, आणि प्रेक्षकांत बसलेल्या आईचा ‘अं-ओह!’ अजून ऐकू येतो.

(थ्रेड समाप्त)